अनुदानाची यादी : मागायची कशी, वाचायची कशी

शेतीच्या अनुदानाबद्दल येणाऱ्या पत्रांत पूर्वी एकच प्रश्न असायचा, ‘मला कधी मिळणार?’ हल्ली दुसराही असतो, ‘गावात कुणाकुणाला मिळालं?’ या अंकात दुसऱ्या प्रश्नाची पत्रं घेतली आहेत. नावं छापू नयेत अशी बहुतेकांची विनंती असल्याने फक्त गावं दिली आहेत.

आमच्या गावच्या पीएम किसानच्या यादीत निवृत्त शिक्षक, दोन बंगलेवाले आणि चक्क माजी सरपंच आहेत असं ऐकतो. ही यादी आम्हाला बघता येते का? आणि अपात्र कोण, हे कसं ठरवायचं? (एक वाचक, बार्शी)

यादी कुणालाही बघता येते. पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘फार्मर्स कॉर्नर’ या भागात ‘बेनिफिशियरी लिस्ट’ उघडा. राज्य, जिल्हा, उपजिल्हा, ब्लॉक आणि गाव निवडून ‘गेट रिपोर्ट’ दाबा. लॉगिन नाही, ओटीपी नाही. मात्र या यादीत नाव असतं, रक्कम नसते आणि गट नंबरही नसतो. एकाच नावाचे दोन-तीन शेतकरी गावात असतील तर नुसत्या यादीवरून यातला नेमका कोण, हे सांगता येत नाही. निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

आता पात्रतेचं. बंगला आहे, गाडी आहे, वीस एकर बागायत आहे, यातलं काहीही अपात्र ठरवत नाही. योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली तेव्हा २ हेक्टरची मर्यादा होती. १ जून २०१९ पासून ती काढली गेली. सरपंचही अपात्र नाही. अपात्र पदांत आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर आणि जिल्हा परिषद अध्यक्ष येतात. सरपंच त्यात नाही.

निवृत्त शिक्षक मात्र अपात्र. सरकारी, निमसरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांचे आजी-माजी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० रुपये किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे (इथेही चतुर्थ श्रेणी सोडून), मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेले आणि नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सीए, वास्तुविशारद ही मंडळी बाद होतात. जमीन संस्थेच्या नावावर असेल तर तीही बाद.

दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पहिलं, कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. नवरा शाळेत नोकरीला आणि सातबारा बायकोच्या नावावर, तरी बायको अपात्रच. उलट सज्ञान मुलाच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीपासून स्वतःची जमीन असेल तर तो वेगळं कुटुंब धरला जातो, आणि बाप-लेक दोघांनाही हप्ता मिळणं नियमाला धरून असू शकतं. सामाईक सातबाऱ्यावरच्या तीन भावांचंही तसंच. दुसरं, आयकराचं विवरणपत्र भरणं आणि आयकर भरणं या वेगळ्या गोष्टी. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेने मागितलं म्हणून शून्य कराचं विवरणपत्र भरणारे गावोगाव आहेत, ते एवढ्यावरून अपात्र ठरत नाहीत.

म्हणून तक्रार करताना ‘अमुक बोगस आहे’ असं लिहू नका. ‘अमुक हे निवृत्त शिक्षक असल्याचे समजते, पात्रतेची पडताळणी व्हावी’ असं लिहून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घ्या. नमो शेतकरी महासन्मान निधीसाठी वेगळी तक्रार नको. राज्याचे ते वर्षाचे ६,००० रुपये पीएम किसानच्याच लाभार्थ्यांना जातात. एकीकडून नाव गेलं की दुसरीकडूनही जातं.

हा संशय हवेतला नाही. कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्हच्या वेंकटेश नायक यांनी माहिती अधिकारात मिळवलेल्या आकड्यांनुसार जुलै २०२० अखेर २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यातले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. पंजाब आणि आसामच्या खालोखाल महाराष्ट्राचा नंबर होता.

ठिबकच्या अनुदानाची गावातली यादी माहिती अधिकारात मागितली. ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून कलम ८(१)(ञ) खाली अर्ज फेटाळला. आता पुढे काय? (एक वाचक, माळशिरस)

पुढे पहिलं अपील, आणि ते नीट लिहिलं तर जिंकण्यासारखं आहे.

तुमच्या बाजूचा मुख्य आधार कलम ४(१)(ख)(बारा). अनुदान कार्यक्रम कसा राबवला, किती रक्कम दिली आणि लाभार्थ्यांचा तपशील काय, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने न मागता प्रसिद्ध करायचं आहे. कायदा आपणहून प्रसिद्ध करायला सांगतो ती गोष्ट मागितल्यावर ‘वैयक्तिक’ कशी ठरते, असा प्रश्न अपिलात सरळ विचारा.

नकाराच्या पत्रांत बऱ्याचदा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा हवाला असतो. तो निकाल एका सरकारी कर्मचाऱ्याची सेवाविषयक कागदपत्रं, मालमत्ता आणि आयकर विवरणपत्रं यांबद्दल होता. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा प्रश्न त्यात नव्हता, हे एका वाक्यात नोंदवा.

नवी अडचण वेगळी आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललं आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आधी ‘सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली’ किंवा खासगीपणावर ‘अनाठायी आक्रमण’ करणारी माहितीच नाकारता येत होती, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असं परंतुक होतं. दोन्ही गेलं. आता नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हणून अर्ज फेटाळण्याची सोय झाली आहे. हा बदल वाईट आहे आणि त्याचा पहिला फटका लाभार्थी याद्यांनाच बसेल, असं आमचं मत. तरीही तीन गोष्टी शाबूत आहेत : कलम ४(१)(ख)(बारा), व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती द्यायला मुभा देणारं कलम ८(२), आणि न देण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यायला सांगणारं कलम १०. अपिलात तिघांचाही उल्लेख करा.

बऱ्याच वेळा अर्ज कायद्यावर पडत नाही, मांडणीवर पडतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या दुरुस्ती नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. ठिबक, शेततळं आणि ट्रॅक्टर एकत्र मागितलं की तेवढ्यावरूनच अर्ज परत येतो. शिवाय ‘सर्व लाभार्थ्यांची संपूर्ण कागदपत्रे’ मागितली की त्यात आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला सगळं येतं आणि नकार द्यायला आयतं कारण मिळतं. त्याऐवजी असं लिहा :

‘आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये मौजे … येथे सूक्ष्म सिंचन घटकाखाली अनुदान वितरित झालेल्या लाभार्थ्यांची यादी : नाव, गट क्रमांक, मंजूर क्षेत्र, लॅटरलमधील अंतर, देयकाची रक्कम, अनुदानाची रक्कम, वितरणाचा दिनांक. तसेच या प्रकरणांतील मोका तपासणी अहवालांच्या प्रती. आधार, बँक खाते व मोबाइल क्रमांक झाकून द्यावेत.’

(‘लॅटरल’ म्हणजे पिकाच्या ओळीने टाकलेली ठिबकची नळी, ‘मोका तपासणी’ म्हणजे शेतावर येऊन केलेली पाहणी.) अर्जातलं शेवटचं वाक्य विसरू नका. वैयक्तिक काय आणि सार्वजनिक काय, याची रेघ तुम्ही स्वतःच ओढून दिलेली असली की समोरच्याला आडवं लावणं अवघड जातं.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नकारपत्रात अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील आणि अपिलाची मुदत लिहिणं कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात ते नसेल तर तोही अपिलाचा मुद्दा करा. पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यावर ३०, फार तर ४५ दिवसांत निर्णय. मग राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांच्या आत दुसरं अपील. तिथे तारीख लवकर लागत नाही, म्हणून सगळी ताकद पहिल्या अपिलातच लावा.

हे सगळं सुरू करण्याआधी महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर ‘निधी वितरित लाभार्थी यादी’ उघडून बघा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की बरंचसं तिथेच सापडतं, मग अर्ज फक्त मोका तपासणीपुरता करता येतो. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय ठेवायची आहे, तीही वापरा.

यादी मिळाली. पण त्यात चूक किंवा घोटाळा ओळखायचा कसा? आकडे बघून काहीच कळत नाही. (एक वाचक, यावल)

ठिबकचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे हिशेब जमिनीवर मोजता येतो. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान. राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना त्यात अनुक्रमे २५ आणि ३० टक्के घालते, म्हणजे एकूण ८० आणि ७५ टक्के. ही टक्केवारी प्रत्यक्ष बिल आणि ठरलेली खर्च मर्यादा यांपैकी जी रक्कम कमी तिच्यावर निघते. मर्यादा लॅटरलमधल्या अंतरावर ठरते. अंतर कमी तितकी नळी जास्त, तितकी मर्यादाही जास्त.

गोम इथेच आहे. एक हेक्टरला १.२ मीटर अंतराने साधारण ८,३३० मीटर लॅटरल लागते, १.५ मीटरला ६,६७० आणि १.८ मीटरला ५,५६०. (१०,००० भागिले अंतर, एवढंच गणित.) कागदावर १.२ मीटर आणि शेतात १.८ मीटर असेल तर हेक्टरी पावणेतीन हजार मीटर नळी फक्त बिलात आहे. यादीतलं अंतर, बिलातले मीटर आणि बांधावर उभं राहून मोजलेलं अंतर, तिन्ही जुळायला हवीत. मात्र उसाचं क्षेत्र पुढे केळीत गेलं आणि नळ्या बदलल्या असंही होतं, म्हणून तपासणीची तारीख आधी बघा.

दुसरी खूण : सात वर्षांच्या आत त्याच गटावर पुन्हा अनुदान. मागच्या वर्षांच्या याद्या गट क्रमांकाने लावून घेतल्या की हे लगेच दिसतं, नावाने लावल्या तर दिसत नाही, कारण दुसऱ्यांदा नाव घरातल्या दुसऱ्याचं असतं. तिसरी : एकच संच दोन शेतांत पसरून काढलेले फोटो. फोटोवर अक्षांश-रेखांश असतात ते यासाठीच. मोका तपासणीच्या प्रती मागा म्हणतो ते त्यामुळे.

अनुदान ५ हेक्टरच्या मर्यादेपर्यंतच असतं. एका लाभार्थ्यापुढे त्याहून मोठं क्षेत्र दिसलं तर आधी टंकलेखनाची चूक समजा, मग विचारा.

पीएम किसानच्या स्टेटसवर हप्ता जमा दिसतो, माझ्या खात्यात एक रुपया नाही. गावात मात्र ‘याला मिळाले’ अशी नोंद! (एक वाचक, जिंतूर)

पैसे बहुधा तुमच्याच दुसऱ्या खात्यात गेले आहेत. हप्ता पासबुकावरच्या खाते क्रमांकावर नाही, आधारला जोडलेल्या खात्यावर जातो, आणि आधारची जोडणी ज्या बँकेने शेवटी आपल्याकडे ओढली तिथे तो पडतो. नवीन सिम घेताना किंवा मोबाइल रिचार्ज करताना अंगठा दिला आणि त्यातून पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं, हे सर्रास घडतं. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये बँकेचं नाव आणि स्थिती दिसते. तिथे दिसलेल्या बँकेत जाऊन चौकशी करा. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा, म्हणजे जोडणीचा, फॉर्म भरा. ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. खात्याला आधार लिंक असणं वेगळं, डीबीटीसाठी सीडिंग असणं वेगळं.

स्टेटसवर ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ किंवा ‘एफटीओ जनरेटेड’ असं असेल तर पैसे अजून वाटेत आहेत. राज्याने मागणी केली किंवा आदेश निघाला, एवढाच त्याचा अर्थ. ई-केवायसी, लँड सीडिंग (जमिनीच्या नोंदीची जोडणी) आणि आधार-बँक सीडिंग या तिन्हींपुढे ‘येस’ हवं. लँड सीडिंग अडलं असेल तर सेतू केंद्रात खेटे घालून उपयोग नाही, तालुक्याच्या कार्यालयातच जावं लागतं. मदत क्रमांक १५५२६१.

अतिवृष्टीच्या यादीत माझं क्षेत्र ०.०४ हेक्टर लागलंय. खरं नुकसान ४० गुंठ्यांचं. (एक वाचक, भूम)

दशांश चिन्ह घसरलंय. गुंठा म्हणजे ढोबळमानाने एक आर, म्हणजे ०.०१ हेक्टर. ४० गुंठे म्हणजे ०.४० हेक्टर. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहेत. राज्य सरकार कधी दर, कधी मर्यादा वाढवतं, म्हणून तुमच्या घटनेचा शासन निर्णय बघा. जिरायत धरलं तरी नुसत्या हिशेबाने ३,४०० च्या जागी ३४० रुपये निघतात.

ई-केवायसी अजून केली नसेल तर करू नका… निदान ‘सहमत’ दाबू नका. केंद्रावर विशिष्ट क्रमांक टाकल्यावर नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम पडद्यावर येते. तिथे ‘असहमत’ चा पर्याय असतो. तो निवडला की प्रकरण दुरुस्तीसाठी तहसीलकडे जातं. केंद्रचालक घाईत असतो, पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा. अंगठा आधीच दिला असेल तर पंचनाम्याची प्रत आणि सातबारा जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या.

मी जर्मनीत असतो, शेती सांगली जिल्ह्यात. इथे शेतकऱ्यांची अनुदानं नावानिशी ऑनलाइन दिसतात. आपल्याकडे असं का नाही? (एक वाचक, श्टुटगार्ट)

तिथेही ते सरळ झालं नाही. हेसे राज्यातल्या शेतकऱ्यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० ला व्यक्तींची नावं सरसकट प्रसिद्ध करण्याचे नियम रद्द केले. किती रक्कम, किती काळ, कसली मदत, यात काहीच फरक न करता सगळ्यांना एका तराजूत घातलं, हा आक्षेप होता. मग नवे नियम आले. आता नाव, नगरपालिका क्षेत्र आणि प्रत्येक योजनेखालची रक्कम दरवर्षी ३१ मेपर्यंत जाहीर होते आणि दोन वर्षं राहते. वर्षाला १,२५० युरो किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांचं नाव झाकलं जातं.

रकमेचा रकाना आपण घ्यावा, उंबरठा घेऊ नये. युरोपात बोचतं ते मोठ्या जमीनदाराला गेलेलं मोठं अनुदान. आपल्याकडे गळती छोट्या रकमांच्या मोठ्या संख्येत असते. २०२० मध्ये तमिळनाडूत पीएम किसानमध्ये साडेपाच लाखांच्या आसपास अपात्र नावं घुसवली गेली आणि सुमारे ११० कोटी रुपये गेले. एकेकाच्या वाट्याला दोन-चार हजार. छोट्या रकमांची नावं झाकणारा नियम असता तर त्यातलं एकही नाव यादीत दिसलं नसतं.

वडील २०२३ मध्ये वारले. यादीत नाव तसंच, हप्तेही येतात. काढले तर काय होईल? (एक वाचक, देवगड)

काढू नका. मृत्यूनंतरचे हप्ते वसूल होतात. मृत्यूचा दाखला देऊन नाव बंद करा आणि आलेले हप्ते पीएम किसानच्या संकेतस्थळावरच ‘ऑनलाइन रिफंड’ मधून भरून पावती ठेवा. वारस नोंदीचा फेरफार झाला की आई किंवा तुम्ही, पात्र असाल तर, नवी नोंदणी करा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर आलेली जमीन चालत नाही, पण वारसाहक्काने आलेली त्याला अपवाद आहे. अर्जात फेरफाराचा दिनांक आणि कारण ‘वारस’ असंच आलं पाहिजे. तिथे ‘खरेदी’ पडलं की अर्ज बाद.

नोकरी लागल्यामुळे अपात्र झालेल्या दोन वाचकांनाही हेच : आधी रिफंड, मग ‘व्हॉलंटरी सरेंडर’.

यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? (एक वाचक, निफाड)

संकेतस्थळावरची यादी जशीच्या तशी टाकायला हरकत नाही. कार्यालयातून मिळालेल्या कागदांवर आधार क्रमांक राहून गेला असेल तर मात्र मुळीच नाही. आधार कायद्याचं कलम २९(४) तो जाहीर करायला मनाई करतं. नावांपुढे ‘बोगस’, ‘चोर’ असले शेरे मारून टाकली तर बदनामीची फिर्याद तुमच्यावर होईल, आणि चौकशी बाजूला राहील.

त्यापेक्षा ग्रामसभा बरी. पीएम किसानच्या मार्गदर्शक सूचनांतच गावपातळीवर यादी लावायला सांगितलं आहे. सभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन ‘लाभार्थी यादीचे वाचन’ हा विषय पत्रिकेत घ्यायला लावा. आयत्या वेळच्या विषयात टाकलं तर ‘वेळ संपला’ म्हणून सुटतं. वाचनाच्या वेळी तालुका कृषी कार्यालयातलं कुणी हजर राहावं म्हणून त्यांनाही त्याच पत्राची प्रत द्या. मयत कोण, गाव सोडून गेलेले कोण, एकाच घरातले नवरा-बायको कोण, एवढी तीनच नावनिशी माहिती ठरावात घ्या. आयकर आणि निवृत्तिवेतनाची तपासणी सभेला जमणारी नाही, ती कार्यालयाकडे सोपवा. ठरावाची नक्कल मागताना सभेची तारीख आणि ठराव क्रमांक टाका, नाहीतर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं.